गडबडीला पत्ता असतो

'अहो, तिकडं काहीतरी गडबड चाललीय म्हणतात. जावं की नको?'

सहलीचे पैसे भरून झाले, बॅगा माळ्यावरून खाली आल्या, की हा प्रश्न हमखास येतो. मी टूर मॅनेजर म्हणून सत्तावीस वर्षं माणसं परदेशात नेली आणि परत आणली. आता निवृत्त झालो तरी शेजारी, नातेवाईक, नातेवाइकांचे नातेवाईक फोन करून हेच विचारतात. त्यातला 'तिकडं' हा शब्द मला नेहमी विचारात पाडतो. परळला मोर्चा निघाला म्हणून कुणी महाबळेश्वरचं बुकिंग रद्द केलं, तर आपण त्याला हसू. पण बँकॉकच्या एका चौकात टायर जळताना टीव्हीवर दिसले, की आपल्या लेखी सगळं थायलंड पेटलेलं असतं. कॅमेरा जाळावरून हलत नाही. शेजारच्या गल्लीत माणसं भाजी घेत असतात, ती कोण दाखवणार?

माझा अनुभव असा, की गडबडीला पत्ता असतो. कैरोत तो तहरीर चौक होता, कोलंबोत गॉल फेस, काठमांडूत सिंहदरबार. आंदोलन बहुतेक वेळा सत्तेच्या दारात होतं: संसद, मंत्रालय, मोठा चौक. तुमचं हॉटेल त्या दारापासून किती लांब आहे, हे आधी बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हॉटेल आणि विमानतळ यांच्यामधला रस्ता कुठून जातो, ते बघा. प्रवासी खोलीत बसलेला असतो तेव्हा सहसा सुखरूप असतो. अडचण होते ती रस्त्यात आणि विमानतळावर.

नोव्हेंबर २००८ची गोष्ट. माझ्याबरोबर अडतीस माणसं होती, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूरची. बँकॉक आटोपून आम्ही पट्टायाला आलो आणि २५ तारखेला पिवळे सदरे घातलेल्या निदर्शकांनी बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला. पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा, ही मागणी. मग डॉन म्युआंग हा जुना विमानतळही बंद पडला. काही लाख प्रवासी देशात अडकले. गंमत अशी, की पट्टायात काहीच घडत नव्हतं. समुद्र जागेवर होता, शहाळीवाला जागेवर होता आणि रात्रीचा बाजारही रोजच्यासारखा भरत होता. आमचं परतीचं विमान २८ तारखेचं.

'आपण विमानतळावर जाऊन बसू या. जे आधी पोहोचतील त्यांचा नंबर आधी लागेल,' असं गटातल्या चौघापाच जणांचं म्हणणं. एस.टी. स्टँडवरची ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. मी नाही म्हटलं. ज्या इमारतीत भांडण चाललंय, तिथं म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन जाऊन बसायचं, आणि तेही विमान उडत नसताना? आम्ही हॉटेलच्या खोल्या सोडल्या नाहीत. हॉटेलवाल्याशी त्याच दिवशी पुढच्या चार रात्रींचं बोलून घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच खोल्यांसाठी दहा जण येणार हे दिसत होतं.

आणि मग २६ तारखेची रात्र आली. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. आमच्याकडं मध्यरात्र होत आली होती, तेव्हा डोंबिवलीच्या एक काकू जिन्यावरून ओरडतच खाली आल्या. टीव्हीवर छत्रपती शिवाजी टर्मिनस दिसत होतं. आपलं व्हीटी! फलाटावर पडलेल्या बॅगा, रक्त. काकूंचे जावई दुसऱ्या पाळीला असायचे आणि रोज रात्री तिथूनच लोकल पकडायचे. अडतीस माणसं हॉटेलच्या दिवाणखान्यात उभी होती आणि कुणाचाच फोन लागत नव्हता. आतापर्यंत घरचे लोक आमची काळजी करत होते, आता उलटं झालं. पहाटे तीनच्या सुमाराला काकूंचा फोन लागला. जावई हल्ल्याच्या अर्धा तास आधीच्या गाडीनं निघून घरी पोहोचले होते. काकू खुर्चीत बसल्या त्या सकाळपर्यंत उठल्या नाहीत. 'आम्ही नीट आहोत, तुम्ही इतक्यात येऊ नका,' असं त्यांना डोंबिवलीहून सांगण्यात आलं होतं.

सुरक्षित जागा आणि धोक्याची जागा असा नकाशा मनात धरून आपण फिरतो. त्या रात्रीनंतर गटातल्या कुणीही 'परदेशात हे असंच' असा सूर पुन्हा लावला नाही.

आम्ही सुटलो तो उटापाव विमानतळावरून. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन बॉम्बर विमानांसाठी वाढवलेला नौदलाचा हा तळ पट्टायापासून तासाभराच्या अंतरावर आहे. अडकलेल्या प्रवाशांसाठी थायलंड सरकारनं तो उघडला. छोटी इमारत, हजारो माणसं, सामानाचे डोंगर. सुवर्णभूमीच्या वाटेवर जाऊन बसलेले लोक उलटे वळून तिथं येत होते, आम्ही आधीच जवळ होतो. १ डिसेंबरला आमचं विमान उडालं. दुसऱ्या दिवशी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सत्ताधारी पक्ष बरखास्त केला आणि आंदोलन मिटलं.

त्या मुक्कामात खरी धावपळ झाली ती रक्तदाबाच्या गोळ्यांची. सहलीला माणूस मोजून गोळ्या आणतो. आठ दिवसांची सहल, आठ गोळ्या. औषधाच्या दुकानात आपल्या कंपनीचं नाव सांगितलं तर तिथला माणूस नुसता हसतो. औषधाचं मूळ नाव लागतं, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन किंवा मेटफॉर्मिन. डॉक्टरांकडून ते मूळ नाव आणि मात्रा ठळक इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या आणि गोळ्या मुक्कामापेक्षा दहा दिवसांच्या जास्त घ्या. त्या हातातल्या पिशवीत ठेवा. पोटात जाणाऱ्या वस्तूंपैकी लाडू, चिवडा आणि खाकरे आपण जास्तच नेतो, तेव्हा गोळ्यांचं ओझं होईल ही तक्रार मला पटत नाही.

पण सगळंच इतक्या सोप्यात सुटत नाही. जानेवारी २०११मध्ये माझा एक सहकारी गट घेऊन कैरोत होता, पिरॅमिडजवळच्या गीझात. २५ जानेवारीला निदर्शनं सुरू झाली आणि २८ तारखेला इंटरनेट बंद, मोबाईल बंद. सरकारनंच बंद केलं. त्याच्या मोबाईलमध्ये सगळे नंबर होते, गाईडचा, बसवाल्याचा, वकिलातीचा. पण त्यानं तेच नंबर एका वहीतही लिहिलेले होते आणि हॉटेलचा तारेचा जुना फोन चालू होता. त्या वहीनं काम केलं. बँका बंद झाल्या, एटीएम रिकामी झाली. त्याच्याजवळ एक, पाच आणि दहा डॉलरच्या सुट्ट्या नोटा होत्या. शंभराची नोट अशा वेळी निरुपयोगी, कारण सुटे कुणी देत नाही, आणि ती दाखवली की भाव शंभराचाच होतो.

त्याची खरी परीक्षा संचारबंदीनं घेतली. कैरोचा विमानतळ शहराच्या ईशान्येला, गीझा नाईलच्या पश्चिमेला. मधे सगळं शहर. विमान रात्रीचं आणि संचारबंदी दुपारीच सुरू होणार. त्यानं विमानाची वेळ बाजूला ठेवून संचारबंदीची वेळ धरली. सकाळी उजाडल्यावर, शहरात न शिरता बाहेरच्या वळणरस्त्यानं माणसं विमानतळावर नेली आणि रात्रभर फरशीवर झोपवली. लोक कुरकुरले, साहजिकच आहे. पण संध्याकाळी निघू म्हणून थांबलेल्या दुसऱ्या एका गटाची बस नाक्यानाक्यावर अडत राहिली.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: निघायचं कधी? कारण वाट सुरुवातीला उघडी असते आणि तेव्हा निघावंसं कुणालाच वाटत नाही.

युक्रेनचं उदाहरण घ्या. १५ फेब्रुवारी २०२२ला कीव्हमधल्या भारतीय वकिलातीनं सूचना काढली, की ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही, विशेषतः विद्यार्थी, त्यांनी तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. नऊ दिवसांनी, २४ तारखेला, हल्ला झाला आणि नागरी विमानांसाठी आकाश बंद झालं. मधल्या नऊ दिवसांत विमानं उडत होती. मुलं का निघाली नाहीत? विद्यापीठांनी वर्ग चालूच ठेवले होते, हजेरी बुडाली तर काय, तिकिटं भलतीच महाग झालेली, आणि इतर देशांची मुलंही थांबली होती. ही सगळी कारणं खरी आहेत. कर्ज काढून मुलाला पाठवलेल्या लातूरच्या किंवा जळगावच्या बापाला 'परत ये, वर्ष गेलं तरी चालेल' म्हणणं सोपं नसतं. नंतर सरकारनं 'ऑपरेशन गंगा' राबवलं, पोलंड, रुमानिया, हंगेरीतून विमानं आणली, साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं परतली. पण त्या विमानांपर्यंत पोहोचायचं होतं मुलांनीच. २ मार्चला खारकीव्हमधल्या मुलांना सूचना आली, की गाडी मिळाली नाही तर चालत निघा आणि संध्याकाळी सहाच्या आत अमुक तीन गावांपैकी एक गाठा. थंडी, बॉम्ब आणि पायी वाट. आदल्याच दिवशी वाणसामान आणायला गेलेला आपल्या देशातला एक मुलगा तिथं मारला गेला होता.

म्हणून सरकारी सूचनेची भाषा वाचायला शिकलं पाहिजे. सरकार 'पळा' असं कधी लिहीत नाही. लिहिता येत नाही, कारण त्या देशाशी संबंध असतात आणि घबराट होते. 'अनावश्यक प्रवास टाळावा' म्हणजे सहल पुढे ढकला. 'तात्पुरतं परतण्याचा विचार करावा' म्हणजे या आठवड्याचं तिकीट बघा. 'उपलब्ध प्रवासी विमानांनी निघावं' म्हणजे विमानं बंद होण्याची शक्यता त्यांना दिसते आहे, आज निघा. येमेनमधल्या भारतीयांना २०१५च्या जानेवारीपासूनच सांगणं सुरू झालं होतं. मार्चच्या अखेरीला सौदी अरेबियाचे हवाई हल्ले सुरू झाले आणि मग 'ऑपरेशन राहत'मध्ये आपल्या नौदलाला एडनच्या किनाऱ्यावर जावं लागलं. 'आयएनएस मुंबई' बंदराबाहेर उभी राहिली आणि माणसं छोट्या बोटींतून तिच्यापर्यंत नेली गेली. त्या मोहिमेत साडेचार हजारांहून जास्त भारतीय सुटले, शिवाय एक्केचाळीस देशांचे नागरिक. नौदलाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्यात अनेक नर्स होत्या, थकलेला पगार आणि डोक्यावरचं कर्ज यांच्यासाठी थांबलेल्या. त्यांना 'लवकर का निघाला नाहीत' असं विचारण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही. फिरायला गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला कुठलंच कर्ज अडवत नाही, अडवतो तो 'पैसे भरलेत ना' हा विचार.

पैशावरून आठवलं. प्रवास विमा काढला की आपण निश्चिंत होतो. पॉलिसीच्या मागच्या पानावरचं बारीक अक्षर वाचा. युद्ध आणि नागरी अशांतता बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. आजारपण, हरवलेली बॅग यांना विमा उपयोगी पडतो, बंदुकीपुढं त्याचा उपयोग थोडा. त्यापेक्षा तारीख बदलता येईल असं तिकीट चार पैसे जास्त देऊन घेतलेलं बरं.

पासपोर्टचंही असंच. सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत ठेवणारा टूर मॅनेजर लोकांना आवडतो, डोक्याला ताप नाही. मी मात्र पहिल्या दिवशीच ज्याचा त्याच्या हातात देत असे. गर्दीत गट फुटला तर पिशवी एकाच्याच खांद्यावर असते. आमच्या चाळीतले एक काका कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. २ ऑगस्ट १९९०ला इराकी सैन्य शहरात शिरलं, तेव्हा त्यांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि मालक देशाबाहेर. काकांजवळ होती ती फक्त एक झेरॉक्स, सदऱ्याच्या आतल्या खिशात घडी घालून ठेवलेली. त्या कागदावर वकिलातीनं त्यांना दुसरा कागद करून दिला. बसराहून बगदाद, बगदादहून वाळवंटातून जॉर्डनची हद्द, तिथं तंबूत दिवस काढून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. एअर इंडियानं तेव्हा ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून जास्त माणसं आणली. काका मुंबईत उतरले तेव्हा पायांत चपला नव्हत्या, पण ती झेरॉक्स होती. आज पासपोर्ट हरवला तर वकिलात परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, आणि तेही पासपोर्टची प्रत आणि पोलिसांतली तक्रार दाखवली तर लवकर मिळतं.

इथवर पत्त्याचं सांगितलं, ते आंदोलनापुरतं. दहशतवादी हल्ल्याचं गणित निराळं. आंदोलक सत्तेचं दार शोधतात, हल्लेखोर प्रवाशाचं. २१ एप्रिल २०१९ला, ईस्टरच्या सकाळी, कोलंबोत चर्चबरोबर मोठी हॉटेलं निवडली गेली, आणि लोक नाश्त्याला बसले होते अशी वेळ. बँकॉकच्या एरावन ब्रह्मदेवाच्या देवळात १७ ऑगस्ट २०१५ला बॉम्ब फुटला, वीस जण गेले, त्यांत बरेचसे परदेशी प्रवासी होते. याला उपाय सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून सावध राहा. एवढंच करता येतं, की हॉटेलात शिरल्याबरोबर मागचा जिना कुठं आहे ते पाहून यायचं आणि आपल्या खोलीपासून तिथपर्यंत किती दारं लागतात ती मोजायची. धूर झाला की दिसत नाही, हातानं दारं मोजत जावं लागतं. गटातल्या काकू मला यावरून 'मोजणीदार' म्हणायच्या. सप्टेंबर २०२५मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनानं दोन दिवसांत रूप बदललं. ९ तारखेला संसद आणि सिंहदरबार तर जळालाच, पण आगी हॉटेलांपर्यंतही आल्या. म्हणजे आंदोलनाचा पत्ताही एका दुपारीत बदलू शकतो. विमानतळ बंद झाला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. पशुपतिनाथ, मुक्तिनाथला गेलेले आपल्याकडचे पुष्कळ यात्रेकरू तेव्हा तिथं होते. घाईनं सोनौली किंवा रक्सौलच्या हद्दीकडं निघावं, की जागेवर थांबावं? जे दोन दिवस जागेवर थांबले त्यांना विमानं मिळाली.

घरी राहिलेल्यांसाठीही एक विनंती आहे. गडबड झाल्यावर अडकलेल्या माणसाला सासर, माहेर, ऑफिस, सोसायटी असे पन्नास फोन येतात आणि त्याच्या फोनची बॅटरी संपते. घरातल्या एकानंच बोलावं, ठरलेल्या वेळी, आणि बाकीच्यांनी त्याला विचारावं. 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय' असं काहीही त्याला कळवू नये. त्याच्या खिडकीतून जे दिसतं ते तुमच्या मोबाईलपेक्षा खरं असतं. त्याच्या पासपोर्टची प्रत, विमानाचं तिकीट, हॉटेलचा पत्ता घरात कागदावर असू द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या व्यवस्थेत तक्रार करायची झाली तर हेच तपशील विचारले जातात.

२०२४च्या नोव्हेंबरअखेर माझ्या बहिणीचा असाच फोन आला. भाची जॉर्जियात, तिबिलिसीत डॉक्टरकी शिकते. तिथं रोज संध्याकाळी संसदेसमोर, रुस्तावेली रस्त्यावर, हजारो लोक जमत होते, पोलीस पाण्याचे फवारे मारत होते. ताई रडकुंडीला आलेली. 'तिला बोलवून घेऊ का रे?' मी भाचीलाच फोन लावला.

'मामा, आमचं हॉस्टेल तिथून लांब आहे. इथं सगळं चालू आहे. राहू की येऊ?'

हॉस्टेलहून विमानतळाला जाताना रुस्तावेली लागतो का? नाही लागत. विमानं उडताहेत का? उडताहेत. आपल्या वकिलातीची काही सूचना? सावध राहा, गर्दीपासून दूर राहा, एवढीच. परीक्षा कधी? तीन आठवड्यांनी. मग राहा म्हटलं, मात्र तारीख बदलता येणारं तिकीट आजच काढ, शंभर डॉलर सुटे करून ठेव, संध्याकाळी सहानंतर त्या बाजूला फिरकायचं नाही, मैत्रिणींनी 'चल नुसतं बघून येऊ' म्हटलं तरी. सूचनेतला शब्द बदलला, की त्याच दिवशी मला वाचून दाखवायचा.

परीक्षा झाली, ती पासही झाली. तिकीट तिनं दोनदा पुढं ढकललं. ताई मात्र रोज रात्री साडेनऊला, तिथले आठ वाजतात तेव्हा, तिला फोन करून एकच विचारायची: 'खोलीत आहेस ना?'